ऊन पाण्याची कुळकथा

मोरीलाही इतिहास असतो असे कोणी म्हटले, तर पुष्कळांस ते विनोदाचे वाटेल. सिंहासने, सनदा आणि लढाया यांच्या इतिहासाची आपणांस सवय झाली आहे. घराच्या ज्या कोपऱ्यात प्रत्येकाच्या दिवसाचा आरंभ होतो, त्याची बखर लिहिण्याचे मनात कोण आणणार? तथापि घरातील माणसे कोणते सरपण जाळीत, पहाटे प्रथम कोण उठे, तांब्याचे भांडे गळू लागले म्हणजे ते कोणाच्या हातून दुरुस्त होई, या साध्या प्रश्नांच्या उत्तरांत समाजाची जी ओळख पटते, ती पुष्कळदा तहनाम्यांतूनही पटत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही ऊन पाण्याची अशी कुळकथा सांगणार आहोत. तिचा उगम आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील जमिनीतून वर येणाऱ्या झऱ्यांत आहे, आणि तिचे आजचे टोक घरोघर न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेल्या विजेच्या टाकीत आहे. या टाकीस आपण ‘गीझर’ म्हणतो. ती कशी निवडावी, कशी राखावी आणि बिघडल्यास काय करावे, याचा विचारही आम्ही याच ओघात करणार आहोत. कारण आमच्या मते इतिहास जाणल्यावाचून तो विचार नीट होत नाही.

प्रथम निसर्गाने तापविलेले पाणी पाहू. कोकणच्या किनाऱ्यास जवळजवळ समांतर अशा एका पट्ट्यात, ठाणे-पालघरच्या बाजूच्या वज्रेश्वरीपासून दक्षिणेस राजापुरापर्यंत, ऊन पाण्याचे झरे आढळतात. दापोली तालुक्यातील उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातील आरवली, तुरळ आणि राजवाडी, व राजापुराजवळचे उन्हाळे ही रत्नागिरी जिल्ह्यातील त्यांची प्रसिद्ध स्थाने होत. गावांची नावेच पाहा; ‘ऊन’ हा शब्द त्यांतील कित्येकांत मुरून बसला आहे. या भागात जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकांतील खोल भेगांतून खाली उतरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. अशा कुंडांत स्नान करण्यास माणसे आजही जातात. येथे पाणी तापविणारा कोणी नाही, सरपण नाही आणि धूरही नाही. ऊन पाणी हे मुळात निसर्गाचे दान होते. ते घरी हवे झाले तेव्हापासून त्याची किंमत कोणी तरी मोजू लागले.

ती किंमत प्रथम घरातील बायकांनी मोजली. कोकणातील जुन्या घरी मागील दारी अथवा पडवीच्या टोकास चुलवण असे आणि तीवर तांब्याचा हंडा चढे. जळणासाठी लाकूडफाटा तर असेच. पण खरी भिस्त माडावर असे. वाळलेली चुडते, सोडणे, करवंट्या, शिवाय बागेतला पातेरा, हे सर्व त्या चुलवणाच्या पोटात जाई. रत्नागिरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे या चार महिन्यांची जळणाची बेगमी मे अखेरीस घरात आली नाही, तर पुढे ओल्या लाकडांच्या धुरात डोळे चोळीत बसणे आले. पहाटे उठावे, रहाटाचे पाणी ओढावे, हंडा भरावा, जाळ लावावा, तो राखावा; मग कढत पाणी घंगाळात काढून त्यात विसण घालावे, आणि घरातील मंडळी एकामागून एक स्नान करून बाहेर पडावी. ज्या बाईने हे सर्व केले तिचे स्नान कितव्या पाण्याने होई, हे सांगावयास नको. न्हाणीचे सांडपाणी मात्र वाया जात नसे. ते पाटाने माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात जाई. राखही भांडी घासण्यास अथवा झाडांच्या बुंध्याशी पडे. व्यवस्था काटकसरीची होती यात शंका नाही. पण जुन्या काळाचे गोडवे गाणारांनी तिच्या जमाखर्चात हे बायकांचे श्रम मांडले आहेत काय, हे एकदा तपासावे.

चुलवणानंतर आला तो बंब. ‘बंब’ या शब्दाचे नाते पोर्तुगीज भाषेतील ‘बोंबा’, म्हणजे पाणी उपसण्याचे यंत्र, या शब्दाशी जोडतात. आग विझविणाराही बंब आणि पाणी तापविणाराही बंबच. एकाच नावाने अग्नीचा शत्रू आणि मित्र असे दोघेही ओळखले जावेत, ही भाषेची गंमत होय. बंबाची रचना मोठी चतुर आहे. मध्यभागी उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, नळीत निखारे आणि भोवताली पाणी. चुलवणावरील हंड्यास आच बाहेरून लागते व तिचा बराचसा भाग इकडे-तिकडे उडून जातो. बंबात अग्नी पाण्याच्या पोटातच बसविल्यामुळे तीच आच पुष्कळ अधिक कामी येते. रशियातील चहाचा ‘समोवार’ याच तत्त्वावर घडविलेला आहे. काही बंबांत तर वरच्या तोंडातून थंड पाणी ओतले, की तेवढेच ऊन पाणी तोटीतून बाहेर पडे. वाचकांनी ही युक्ती ध्यानात ठेवावी. आजच्या विजेच्या टाकीतही थंड पाणी तळाशी शिरते आणि वरचे ऊन पाणी पुढे ढकलते.

बंबाचा दुसरा गुण आम्हांस त्याहून मोठा वाटतो. त्याचे सर्व शास्त्र घरातील लहान पोरासही ठाऊक असे. पाणी नसता निखारे घालू नयेत, नाही तर झाळ सुटते. जाळीखालची राख रोज काढावी, नाही तर हवा खेळत नाही. निखारे धगधगत असता दार लावून आत बसू नये. तोटीशी हिरवट डाग दिसला तर सांधा गळतो आहे असे समजावे. तांबट किंवा कासार यांजकडे तो डाग देण्यास जाई आणि चांगला बंब दोन पिढ्या टिके. आंबट चिंचेने किंवा आमसुलाने घासून तांबे लखलखीत करणे हे घरचे काम होते. त्या आंबटाने तांब्यावरील काळिमा विरघळतो हे रसायनशास्त्र न शिकलेल्या हातांसही माहीत होते. बंबातील अग्नी डोळ्यांस दिसे, त्याचा धूर नाकास कळे. म्हणून त्याची निगा सहज राही.

आता जरा युरोपकडे वळू. कारण टाकीतील प्रत्येक अवयवाची जन्मकथा तिकडची आहे. लंडन येथील बेंजामिन वॉडी मॉन या रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने १८६८ मध्ये वायूच्या ज्योतीने वाहते पाणी तापविणारे यंत्र काढले आणि आइसलंडमधील ‘गेसिर’ या उसळत्या उष्ण झऱ्यावरून त्यास ‘गीझर’ हे नाव दिले. म्हणजे उन्हवऱ्याचे नाव आणि गीझरचे नाव यांचा उगम सारखाच, जमिनीतून येणाऱ्या ऊन पाण्याचा! मॉनच्या यंत्रास धूर बाहेर नेणारे धुराडे नव्हते, त्यामुळे ते धोक्याचेच होते. पुढे १८८९ मध्ये एडविन रूड या नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्याने पाणी साठवून आपोआप तापविणारे यंत्र तयार केले. हीसुद्धा वायूची यंत्रेच होत. विजेने उष्णता उत्पन्न होते तिचा हिशेब त्यापूर्वीच, १८४१ मध्ये, इंग्लंडातील जेम्स जूल याने मांडला होता. तारेतून वीज वाहताना जी उष्णता होते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हा त्याचा नियम. परंतु तापून लाल होऊनही न जळणारी तार मिळेपर्यंत या नियमाचा घरगुती उपयोग बेताचाच होता. निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तशी तार अमेरिकेतील अल्बर्ट मार्श याने शोधली व १९०६ मध्ये तिचे पेटंट घेतले. पाणी ठरावीक मर्यादेपर्यंत तापले म्हणजे वीज बंद करणारा जो ‘थर्मोस्टॅट’, त्याचे नाव आणि दोन धातूंच्या जोडपट्टीची कल्पना अँड्र्यू युअर याच्या १८३० च्या पेटंटात आढळते. दोन धातू सारख्या तापल्या तरी सारख्या वाढत नाहीत, म्हणून पट्टी वाकते, आणि त्या वाकण्याने बटण सुटते.

राहिला एक अवयव. त्याचे नावही पुष्कळांनी ऐकलेले नसते. लोखंडी टाकीच्या पोटात मॅग्नेशियमची एक कांडी लोंबत असते. १८२४ मध्ये सर हम्फ्री डेव्ही याने रॉयल सोसायटीपुढे असे दाखविले, की युद्धनौकांच्या तांब्याच्या पत्र्यास जस्ताचा अगर लोखंडाचा तुकडा जोडून दिला, तर खाऱ्या पाण्यात तो तुकडा झिजतो आणि तांबे वाचते. तांबे वाचले खरे. परंतु न झिजणाऱ्या तांब्यावर शिंपले व शेवाळ चिकटून जहाजे मंदावली, आणि आरमाराने तो प्रयोग सोडून दिला! तत्त्व मात्र टिकले. टाकीतील मॅग्नेशियमची कांडी स्वतः झिजून टाकीचा पत्रा वाचविते. मॅग्नेशियम ही धातू वेगळी काढण्याचे श्रेय १८०८ मधील डेव्हीच्याच प्रयोगास आहे, हा योगायोग मौजेचा खरा.

यंत्र तिकडून आले. वीज मात्र आपल्या सह्याद्रीनेच दिली. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोली येथे टाटांचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले, व ती वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. मुळशीचे धरण बांधण्याचे ठरले तेव्हा ज्यांच्या जमिनी बुडणार होत्या त्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला आणि त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट यांस महाराष्ट्र ‘सेनापती’ म्हणून ओळखू लागला. सत्याग्रहानंतरही धरण झाले आणि गावे गेली. पुढे स्वातंत्र्यानंतर कोयना प्रकल्प उभा राहिला आणि त्याने आमच्या जिल्ह्याशी वीज प्रत्यक्ष जोडली. कोयना ही नदी वास्तविक कराडास कृष्णेस मिळून पूर्वसमुद्राकडे जाणारी. तिचे अडविलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस वळविले आणि चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे चारशे मीटरांहून अधिक खोल उतरवून १९६२ पासून त्यावर वीज निर्माण होऊ लागली. तेच पाणी पुढे कोळकेवाडी येथे पुन्हा कामास लागते आणि अखेर वाशिष्ठीच्या मार्गाने अरबी समुद्रास मिळते. धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली खोऱ्यातील अनेक गावे गेली, आणि विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे कित्येक दशके भिजत पडला.

येथे आम्ही वाचकांपुढे एक लहानसा हिशेब मांडतो. पंचवीस अंशांचे पंचवीस लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापविण्यास जी वीज लागते ती जवळजवळ एक युनिट भरते. उलटपक्षी, पोफळीसारख्या उंचीवरून एक हजार लिटर पाणी खाली पडले, म्हणजे यंत्रांतील घट वजा जाता सुमारे एक युनिट वीज हाती येते. याचा अर्थ असा, की न्हाणीघरात एक लिटर पाणी कढत व्हावे यासाठी डोंगरातून चाळीस लिटर पाणी खाली यावे लागते. जूलने १८४५ मध्ये असे लिहिले होते, की नायगराचे पाणी पडण्याच्या धक्क्यानेच खाली फॅरनहाइटच्या एक-पंचमांश अंशाने ऊन झालेले असावयास पाहिजे. तोच सिद्धांत आपण रोज सकाळी न्हाणीघरात अनुभवतो. फरक इतकाच, की धबधबा चिपळुणाकडे असतो आणि ऊब रत्नागिरीस मिळते. आज जाळ्यात येणारी सर्वच वीज पाण्याची नाही. जयगडास आयात कोळशावर आणि गुहागर तालुक्यात अंजनवेल येथे वायूवर चालणारी केंद्रे उभारली गेली, आणि यांतील सर्व वीज एकाच जाळ्यात मिसळते. परंतु पाणी असो वा कोळसा असो, चुलवणापुढे बसणारी बाई तेथून उठली तेव्हा तिचा भार कोठे तरी दुसरीकडे गेला, एवढे या हिशेबावरून कळते. ती उठली हे उत्तमच झाले, यात आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. आमचे म्हणणे एवढेच, की भार गेला तो दिसेनासा झाला, नाहीसा झाला नाही. आणि जे दिसत नाही ते निदान माहीत तरी असावे.

आता निवडीचा प्रश्न. दुकानात गेल्यावर प्रथम रंगरूप आणि किंमत दाखविली जाते. परंतु आपल्या घराचे माप आपणच घेऊन जावे. जुन्या विसणाचा हिशेब येथे उपयोगी पडतो. साठ अंशांच्या पंचवीस लिटर पाण्यात विसण घालून ते चाळीस अंशांवर आणले, म्हणजे सुमारे अठ्ठावन्न लिटर पाणी होते; म्हणजे वीस लिटरच्या बादलीने जवळजवळ तीन माणसांची स्नाने. पंधरा लिटरच्या टाकीत पावणेदोन बादल्या होतात. दोन हजार वॉटच्या टाकीस पंचवीस लिटर तापविण्यास अर्धा तास लागतो. तीन लिटरची ‘तात्काळ’ यंत्रे तीन हजार वॉट घेतात व मिनिटास सुमारे दीड लिटरच पाणी तीस अंशांनी वाढवितात. भांडी धुण्यास ती ठीक, पण बादली भरण्यास दहा-बारा मिनिटे थांबावे लागेल. पाणी नळाने येणारे की विहिरीचे, हेही पाहावे. देशावरील काळ्या पाषाणातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा जड असते. ते तापले म्हणजे त्यातील चुना तापणाऱ्या नळीवर पुटासारखा बसतो. कोकणातील जांभ्यामधील विहिरीचे पाणी सामान्यतः मृदू असते. तेथे चुन्याचा जाच कमी. परंतु खाडीकाठच्या घरी पाण्यात खारेपणा आला, तर ते पत्रा खाते, आणि समुद्रावरची खारी हवा बाहेरच्या कवचास व खिळ्यांस गंज चढविते. म्हणून पुण्याच्या आप्ताने घेतलेली टाकी रत्नागिरीच्या घरी तशीच चालेल असे गृहीत धरू नये. काचेचा लेप दिलेली टाकी, तिच्यात मॅग्नेशियमची कांडी आणि न गंजणारे बाह्य कवच, हे किनाऱ्यावरील घरांस अधिक मानवते. भारतीय मानक २०८२ ची खूण आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या ताऱ्यांची पट्टी या दोन्ही गोष्टी पाहूनच यंत्र घ्यावे. अधिक तारे म्हणजे टाकीतील उष्णता कमी उडते एवढाच त्यांचा अर्थ, पाणी लवकर तापते असा नव्हे.

सूर्याचाही विचार येथे केला पाहिजे. या कामी मुंबईस अग्रमान आहे, हे थोड्यांस ठाऊक असेल. मुंबई उच्च न्यायालयात नोकरीस असलेले विल्यम अॅडम्स यांनी कुलाब्यास आरशांनी सूर्यकिरण एकवटून बाष्पक तापविला, त्यावर पंप चालविला, आणि उष्ण प्रदेशांत सूर्याची उष्णता जळणाऐवजी कशी वापरता येईल, यावर १८७८ मध्ये पुस्तक लिहिले. कोकणात आठ महिने ऊन विपुल आहे. गच्ची असलेल्या घरी सौर यंत्र बसवून पावसाळ्यापुरती विजेची जोड द्यावी, हे हिशेबास उतरते. ज्या चार महिन्यांत जुन्या घरी जळणाची ओढ पडे, तेच चार महिने सूर्यही दडी मारतो; निसर्गाने आपला नियम बदललेला नाही.

निगेविषयी आता थोडे. थर्मोस्टॅट साठ अंशांच्या आसपास असावा. त्याहून अधिक ठेवल्यास वीज उडते, चुना लवकर बसतो आणि भाजण्याचे भय वाढते. साठ अंशांचे पाणीदेखील काही सेकंदांतच कातडी भाजते, म्हणून लहान मुले व वृद्ध यांच्यासाठी बादलीत थंड पाणी आधी आणि ऊन पाणी मागाहून सोडावे. फार कमी ठेवल्यासही बरे नाही. कोमट पाण्यात ‘लेजिओनेला’ नावाचे जंतू वाढतात. १९७६ मध्ये फिलाडेल्फिया येथील एका संमेलनात आलेल्या लोकांत पसरलेल्या तापावरून हे जंतू प्रथम ओळखले गेले. वर्षातून एकदा वीजतंत्र्याकडून टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढावा, तापणाऱ्या नळीवरील पुटे सायट्रिक आम्लाच्या पाण्याने उतरवावी, आणि मॅग्नेशियमची कांडी झिजली असल्यास नवी घालावी. आमसुलाने तांबे घासणाऱ्या आजीस हे काम नवे वाटले नसते. शंभर-दोनशे रुपयांची कांडी वेळीच बदलली नाही, तर मग टाकीच झिजते. आणि टाकीस भोक पडले म्हणजे जुन्या बंबासारखा डाग देऊन भागत नाही, ती टाकूनच द्यावी लागते.

बिघाडाची लक्षणे ओळखता येणे हे दुरुस्तीचे अर्धे काम होय. पाणी मुळीच तापत नसेल, तर प्रथम वीज येते काय ते पाहावे; येत असल्यास दोष थर्मोस्टॅटात, उष्णतेने तुटणाऱ्या सुरक्षा-बटणात किंवा तापणाऱ्या नळीत असतो. दोन हजार वॉटच्या नळीचा रोध सुमारे सव्वीस ओहम भरावा. तंत्र्याच्या मापकावर तो अनंत दिसला तर तार तुटली आहे. पाणी तापण्यास वेळ लागू लागला आणि घरातील दिवेही मंद असतील, तर दोष यंत्राचा नव्हे, दाबाचा. दोनशे तीसऐवजी एकशे ऐंशी व्होल्टच आले, तर जूलच्या नियमाने उष्णता सुमारे साठ टक्क्यांवर येते. टाकी चालू करताच गळती पकडणारे बटण खाली पडत असेल, तर नळीचे आवरण फुटून वीज पाण्यात उतरत आहे असे समजावे, आणि ते बटण पुनःपुन्हा वर चढविण्याचा हट्ट धरू नये. सुरक्षा-झडपेतून थेंब पडतात म्हणून ती खुंटी मारून बंद करणे म्हणजे उकळत्या भांड्याचे झाकण बांधून टाकणे होय. खोललेल्या यंत्रात घरच्या माणसाने हात घालू नये. ते काम जाणत्या तंत्र्याचे. परंतु तंत्र्याने काय केले हे समजण्याइतके ज्ञान घरच्या माणसास असलेच पाहिजे, नाही तर नवी टाकी घ्या, या एकाच सल्ल्यावर आपण संसार चालवू.

यापुढचे आम्ही विशेष आग्रहाने सांगतो, कारण येथे माणसांचे प्राण गुंतलेले आहेत. ओले अंग, ओली जमीन आणि वीज यांची गाठ न्हाणीघराइतकी इतरत्र कोठेही पडत नाही. टाकीच्या जोडणीस भूमितार पाहिजेच. आणि तीस मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारे बटण घरात असले पाहिजे. दोन हजार वॉट म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. दिव्यापंख्याच्या बारीक तारेवर हा भार टाकू नये. बादलीत सोडावयाची उघडी तापणारी कांडी स्वस्त खरी. परंतु वीज चालू असताना पाणी किती तापले हे बोटाने पाहण्याची खोड जिवावर बेतते. वायूवर चालणारा गीझर बंद न्हाणीघरात तर कदापि नको. जळण्यास प्राणवायू अपुरा पडला, की कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि अंग धूत असतानाच मनुष्य बेशुद्ध होतो. बंबाचे निखारे धगधगत असता दार लावून बसू नये, हा घरातील वडील माणसांचा धाक याच विषाविषयी होता. मॉनच्या १८६८ च्या यंत्रातील दोष दीडशे वर्षांनंतर आपल्या घरी पुन्हा येऊ देणे, याहून इतिहासाचे अज्ञान ते कोणते?

हा धाक नाहीसा होण्याचे कारण उघड आहे. चुलवणाचा आणि बंबाचा अग्नी सर्वांच्या देखत जळे. त्याचे गुणदोष घरातील प्रत्येकास रोज दिसत. टाकीतील अग्नी पांढऱ्या कवचाआड आहे. भिंतीवरील एक लाल दिवा लागतो आणि विझतो, यापलीकडे आपला त्याच्याशी परिचय नाही. बायकांचे श्रम हलके झाले, धुराने होणारे डोळ्यांचे हाल संपले, हे फार मोठे सुख होय. पण श्रमांबरोबर घराने निगेचे ज्ञानही टाकून दिले, आणि त्याची जागा कोणीच घेतली नाही. कवच बसविणाऱ्याने बसविले आणि तो निघून गेला. पुढे टाकी गळेपर्यंत ती कोणाच्याही जबाबदारीत नसते.

आमच्या पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर एका सणात बसवून ठेवले होते. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी घरोघर ‘पाणी भरण्याचा’ दिवस असे. न्हाणीघर धुऊन काढीत, हंडा किंवा बंब खाली उतरवून आतबाहेर घासीत, भोवती रांगोळी घालीत, त्यास माळ बांधीत, आणि मग नवे पाणी भरून ठेवीत. दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान, पायाखाली कारीट फोडणे इत्यादी विधी होत. धर्मशास्त्राची बाजू बाजूस ठेवली, तरी एवढे स्पष्ट आहे, की वर्षातून एक दिवस ते भांडे उतरविले जाई, तळ पाहिला जाई, सांधे तपासले जात; आणि डाग देण्याजोगे काही असेल तर ते थंडीच्या आरंभी लक्षात येई. सणाने निगेस मुहूर्त लावून दिला होता.

विजेच्या टाकीस रांगोळी घालण्यास कोणाची हरकत नाही. परंतु आमची सूचना त्याहून थोडी व्यवहारी आहे. पाणी भरण्याच्या दिवसापूर्वी प्रत्येक घराने टाकीचा गाळ काढवून घ्यावा, कांडी पाहवून घ्यावी, भूमितार आणि गळतीचे बटण तपासवून घ्यावे, व त्या दिवसाची तारीख कवचावर एका चिठ्ठीवर लिहून ठेवावी. तंत्री काम करीत असता घरातील मुलामुलींना, आणि विशेषेकरून मुलग्यांना, जवळ उभे करावे. ज्या कामाचा भार पिढ्यान्‌पिढ्या बायकांवर पडला त्याचे ज्ञान आता पुरुषांनी घ्यावे, यात न्यायही आहे. एका युनिटामागे डोंगरातून किती पाणी उतरते, ते कोणाच्या गावावरून वाहते, तेही त्यांना त्याच वेळी सांगावे. मग अभ्यंगाच्या पहाटे तोटीतून वाफाळते पाणी आले, म्हणजे ते कोठून आले हे घरातील सर्वांस माहीत असेल.